वरातीपुढची घोडी

मराठी भाषेने घोड्याला फार राबवून घेतले आहे. कुणाची परीक्षा जवळ आली की आपण 'घोडामैदान जवळच आहे' म्हणतो, काम अडले की 'घोडे कुठे पेंड खाते' ते शोधतो, आणि वेळ टळून गेल्यावर कुणी धावपळ करू लागला की 'वरातीमागून घोडे' म्हणून हसतो. ही शेवटची म्हण मी गेली अठरा वर्षे वर्गात शिकवीत आले. फळ्यावर तिचा अर्थ लिहायचा, मुलांनी तो वहीत उतरवायचा, परीक्षेत मी दोन गुण द्यायचे, असा आमचा व्यवहार. पण या म्हणीतली कळ मला कळली ती १ मार्च २०२५ च्या रात्री, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गोठ्यात. त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. सरकारी नकाशावर ती रेघ सापडायची नाही, पण माणसांच्या बोलण्यात ती पक्की आहे. एक 'घाटाखाली' आणि दुसरा 'घाटावर'. घाटाखाली पूर्णेचे काळेभोर खोरे, कापूस, मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि मुंबई-नागपूर रेल्वे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा. तिथे हवा थंड आणि जमीन उंचसखल. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर आणि रेल्वे घाटाखाली, अशी गंमत असल्यामुळे एकेकाळी मलकापूर स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्यांना मोठा भाव असे. आता टांगे गेले. घोडा उरला तो देवाच्या पालखीपुढे आणि नवऱ्यामुलाच्या वरातीत. देशभरात हीच तऱ्हा आहे. २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख भरलेली घोड्यांची आणि तट्टांची संख्या २०१९ च्या गणनेत साडेतीन लाखांच्याही खाली आली.

दरवर्षी १२ जानेवारीला मी विद्यार्थ्यांना घेऊन सिंदखेडराजाला जाते. १५९८ साली याच दिवशी जिजाऊंचा जन्म लखुजी जाधवरावांच्या वाड्यात झाला. वाड्याचे प्रचंड प्रवेशद्वार आजही रस्त्यावरून जाणाऱ्याची मान आपोआप वर करायला लावते. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. गर्दीत उभे राहून मी मुलांना सांगत होते की हा सारा मुलूख घोड्यांच्या टापांखालून गेलेला आहे. इथून जवळच साखरखेर्डा आहे. तिथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत निजामाचे राज्य उभे राहिले. पागा, शिलेदार, बारगीर, मोतद्दार, चंदी, तोबरा, खरारा हे शब्द म्हणजे त्या टापांनी भाषेवर उमटवलेले ठसेच.

माझे व्याख्यान रंगात आले असता एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "मॅडम, यातले निम्मे शब्द आमच्या घरी रोज बोलतात. वडिलांकडं वरातीची घोडी आहे. आबा तर टांगाच हाकायचे. मी प्रकल्पाला हेच शब्द घेऊ का?"

शब्द गोळा करणाऱ्या माणसाला याहून मोठे आमंत्रण कोणते? बाकीच्या मुलांना बसमध्ये बसवून दिले, सोबतच्या प्राध्यापकांच्या हवाली केले, आणि मी तिच्याबरोबर तिच्या गावी निघाले. गाव सिंदखेडराजा आणि साखरखेर्डा यांच्या मधले. समृद्धी महामार्गाच्या पुलाखालून आमची काळीपिवळी गेली. डोक्यावरून मोटारी सूं सूं करीत जात होत्या. ज्या मुलखाने घोडदळे पाहिली, तिथल्या या सर्वांत मोठ्या रस्त्यावर आता कोणत्याच जनावराला पाऊल टाकायची परवानगी नाही, हे मनात येऊन गेले. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आला होता आणि तुरी काढणीला झाल्या होत्या.

घोडीचे नाव मोगरी. पांढरीशुभ्र, कान आतल्या बाजूला वळलेले, डोळे मोठे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून पाच वर्षांपूर्वी आणलेली. मालकाने मोठ्या कौतुकाने तिला फिरवून दाखवले. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला घोडा दाखवला होता, म्हणजे आता दहावा महिना. घोडीचे दिवस अकरा महिन्यांच्या घरात जातात. मार्चच्या मध्यावर ती व्यायला हवी होती.

"पण लवकर मोकळी होईल असं दिसतं मॅडम," मालक खुशीत म्हणाले, "आताच कास भरली, दूधबी ठिबकायला लागलं. म्हंजे उन्हाळ्याच्या लग्नांना घोडी रिकामी!"

मी आपली कासेचा फोटो काढला. मला त्यात काय कळणार? मात्र खाटेवर बसलेले आबा काठी टेकीत उठले. ऐंशीच्या पुढचे वय, पाठीत वाकलेले, पण घोडीजवळ येताच त्यांचा हात सरळ झाला. त्यांनी तिच्या पाठीवरून, पोटाखालून हात फिरवला, शेपूट उचलून पाहिली आणि मुलाकडे वळून म्हणाले, "ही गाय न्हाई, बाबू. गाईची कास आधीच भरते. घोडीची भरते ती अखेरच्या पंधरवड्यात, लई तं महिन्यात. दोन महिने आधी दूध ठिबकतं तवा पोटातलं काही ठीक नसतं."

शेपटीच्या आतल्या बाजूला पिवळसर डाग वाळून चिकटला होता. आमच्यापैकी कुणाच्याच तो लक्षात आला नव्हता.

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी पशुवैद्यकीय डॉक्टर मोटारसायकलवरून आले. तिशीतला तरुण, अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत शिकलेला, बोलणे कमी. त्यांनी घोडी तपासली, पाठीमागे उभे राहून बराच वेळ काम केले, आणि हात धुता धुता म्हणाले, "आबा, तुमचं बरोबर आहे. वारेला सूज आहे."

पुढची माहिती त्यांनी चहाच्या कपावर सांगितली. ती मी वहीत लिहून घेतली, कारण अशी साधी आणि नेमकी मराठी हल्ली वर्गात ऐकायला मिळत नाही. घोडीच्या गर्भाशयाचे तोंड नीट मिटलेले राहिले नाही, किंवा मागच्या बाजूची ठेवण सैल असली, की बाहेरचे जंतू वर चढतात. ते पहिल्याने वारेच्या खालच्या टोकाला गाठतात. तिथली वार सुजते, जाड होते, सुटू लागते. शिंगराचे अन्नपाणी, श्वास सारे वारेतूनच चालते, त्यामुळे ते उपाशी पडते. आईच्या शरीराला चुकीचा इशारा मिळतो आणि कास वेळेआधी भरते. दुर्लक्ष झाले तर घोडी गाभडते. मालक म्हणतो, नजर लागली.

"पण डॉक्टरसाहेब," मालक म्हणाले, "आमच्या गाईची वार तं व्याल्यावर रातभर अडकून ऱ्हायली, तरी वासरू ठणठणीत होतं."

डॉक्टर हसले. त्यांनी माझ्या विद्यार्थिनीच्या ओढणीला एक-दोन-तीन अशा जागा दाखवल्या. "गाईची वार गर्भाशयाला बोंडाबोंडांनी जोडलेली असते. सदऱ्याला गुंड्या असाव्यात तशी. एक गुंडी निघाली तरी बाकीच्या धरून असतात. कळा तासन्‌तास चालल्या तरी वासराला श्वास मिळत राहतो. घोडीची वार मखमलीच्या अस्तरासारखी सगळीकडून चिकटलेली. सुटायला लागली की सगळी सुटते. म्हणून घोडीचं बाळंतपण विजेसारखं असतं. पाणी गेल्यापासून वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर पाहिजे. तुम्ही गाईचं घड्याळ घेऊन घोडीजवळ बसलात, तर शिंगरू मेलेलं निघेल."

गाईचे घड्याळ! मला वाटते, घाटावरच्या घराघरांत हेच घड्याळ चालते. गाय, बैल, म्हैस यांच्या दुखण्याखुपण्याचे ज्ञान इथल्या मातीत मुरलेले आहे. घोड्याचेही कधीकाळी होते. आपल्याकडे अश्ववैद्यकाला शालिहोत्र ऋषींचे नाव मिळाले, आणि त्यावरून हिंदुस्थानीत घोड्याच्या वैद्याला 'सालोतरी' म्हणू लागले. पण पागा मोडल्या, टांगे बंद झाले, आणि ज्यांच्या हाताला घोडीचे पोट वाचता येई ती माणसे एकेक करून गेली. उरलेली घोडी गाईच्या शेजारी दावणीला बांधली गेली, आणि गाईचेच नियम तिला लागू झाले.

डॉक्टरांनी औषधे लिहून दिली: जंतू मारणारी, सूज उतरवणारी आणि गर्भाशय शांत ठेवणारी. तीन-चार दिवसांनी यंत्र आणून वारेची जाडी मोजायचे ठरले. गोठ्यात कोरडा, स्वच्छ पेंढा हवा. धनुर्वाताची लस व्यायच्या महिनाभर आधी द्यायची. घोडी दुसऱ्या गावी हलवायची नाही, कारण ज्या गोठ्यात ती राहते तिथल्या रोगांशी झुंजणारे द्रव्य तिच्या चिकात उतरते. शिंगराच्या वजनातला मोठा भाग शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, तेव्हा नुसत्या कुटारावर भागवू नका. पाय मोकळे व्हायला रोज थोडे चालवा, पण वरात बंद.

इथे मात्र मालकांचा चेहरा उतरला. वरातीची घोडी म्हणजे त्या घराचे अर्धे शेत. डोक्यावर तुरा, पाठीवर जरीची झूल, पुढे बँड, मागे जनरेटरची गाडी, आणि चार-चार तास एका जागी पाय आपटीत उभे राहणे. मार्गशीर्षातही ती अशी उभी राहिली होती.

"तीन लग्नांचा इसार घेतला हाय," ते खाली मान घालून म्हणाले. "एका घरचे तं पावणेच लागतात. माघारी कसा देऊ?"

आबा म्हणाले, "इसार माघारी देता येतो. शिंगरू माघारी येत न्हाई."

मालक काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी पैसे मोजून ट्रंकेवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही घरी पोचते केले. एका ठिकाणी चार शब्द ऐकूनही घेतले, असे मला मागाहून मुलीकडून कळले. घरात धाकट्याची शाळेची फी थांबली. डॉक्टरांचे औषध काही फुकट नव्हते. या कथेत धैर्य कुणी दाखवले असेल, तर ते या माणसाने त्या दिवशी दाखवले.

मी बुलढाण्याला परतले, पण विद्यार्थिनी रोज फोनवर घोडीची खबर देई आणि शेवटी एखादा नवा शब्द सांगे. आबांच्या टांग्याच्या दिवसांतल्या आठवणीही ती लिहून आणी. एकदा मलकापूरला आठव्या-नवव्या महिन्यातली घोडी पोटदुखीने लोळू लागली. लोकांनी ओवा-हिंग पाजला. दोन दिवसांनी ती मेली. मुलीने ही गोष्ट डॉक्टरांना विचारली. ते म्हणाले, त्या दिवसांत पोटदुखी दिसली तर पहिला संशय गर्भाशयाला पीळ पडल्याचा घ्यावा. काढ्याने पीळ सुटत नाही, ताबडतोब डॉक्टर लागतो. दुसऱ्या एका घोडीच्या पोटात जुळे होते आणि दोन्ही शिंगरे अर्धवट वाढून पडली होती. त्याचेही कारण वारेतच आहे. अख्खे गर्भाशय एका शिंगराच्या वारेला लागते, तिथे दोघांना जागा कुठली? आता पंधराव्या-सोळाव्या दिवशी यंत्रावर जुळे दिसते आणि त्यातले एक काढून दुसरे वाचवता येते. आबांच्या काळी ते कळायचे, तेव्हा वरातीमागून घोडे!

तीन आठवड्यांनी कास मऊ पडली. दूध ठिबकायचे थांबले. यंत्रातही सूज थोडी उतरलेली दिसली. डॉक्टरांनी मात्र हर्ष केला नाही. त्यांनी घरच्यांना दोन गोष्टी बजावल्या. पहिली चिकाची. माणसाच्या बाळाला रोगाशी झुंजायचे बळ आईच्या पोटातच मिळते. शिंगराला ते वारेतून मिळत नाही, फक्त चिकातून मिळते, आणि तेही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की त्याच्या आतड्याची ती दारे मिटतात. मोगरीचा चीक आधीच ठिबकून गेलेला, तेव्हा दुसऱ्या घोडीचा चीक मिळवून गोठवून ठेवा.

देऊळगाव राजाच्या एका घोडीवाल्याकडे फेब्रुवारीत दोन घोड्या व्याल्या. धंद्यात तो मालकांचा प्रतिस्पर्धी. तरी त्याने आपल्या शिंगरांची पोटे भरल्यावर प्रत्येकीचा पाव-पाव लिटर चीक काढून दिला. बाटल्या ठेवायच्या कुठे? गावातल्या थंड पेयाच्या दुकानात, कुल्फीच्या शेजारी! दुकानदाराने त्यांवर चिठ्ठी चिकटवली होती: 'विकायचे नाही'. दुकानाची किल्लीही त्याने रात्रीपुरती मालकांकडे देऊन ठेवली.

दुसरी गोष्ट रंगाची. डॉक्टर म्हणाले होते, "नीट व्याली तर आधी पाणी जाईल, मग पांढरट, पातळ पडदा दिसेल. त्यात पाय. पांढरं दिसलं तर हात लावू नका, तिचं तिला करू द्या. पण लाल मखमलीसारखं काही बाहेर आलं, तर ती वारच आधी सुटून आली असं समजा. सुजलेली वार जिथे फाटायला पाहिजे तिथे फाटत नाही. आत शिंगरू गुदमरत असतं. मला फोन करत बसू नका. आधी कापा, मग फोन करा."

१ मार्चच्या दुपारी फोन आला, "मॅडम, सडांवर मेण आलं." घोडीच्या सडांच्या टोकांवर चिकाचे मेणासारखे थेंब जमतात, ती तिची सूचना असते. शनिवार होता. मी चिखलीवरून बस बदलीत रात्री आठला पोचले.

अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते. गोठ्यात एक मिणमिणता दिवा ठेवला होता. घोडी अनेकदा रात्री, माणसांचा वावर थांबल्यावर व्याते, म्हणून आम्ही सारे भिंतीआड बसलो. बारा वाजले, एक वाजला. आबा खाटेवर बसूनच डुलक्या घेत होते. दीडच्या सुमारास मोगरी पोटाकडे वळून पाहू लागली. मानेवर घाम आला. ती बसली, उठली, पुन्हा आडवी झाली. पाणी गेलेच नाही.

मुलीने बॅटरी मारली. शेपटीखाली मुठीएवढे काहीतरी आले होते. गडद लाल, मखमली.

मी आजवर पुष्कळ शांतता पाहिल्या आहेत. परीक्षेच्या दालनातली, सभेत वक्ता अडखळला म्हणजे पडते ती. पण त्या गोठ्यातली शांतता वेगळीच होती. मालकांच्या हातात उकळून ठेवलेली कात्री होती आणि हात जागच्या जागी थिजला होता. "चुकलो तं?" ते म्हणाले. "आतल्या पायाला लागलं तं? डॉक्टरला विचारू का एकदा?"

मुलगी ओरडली, "बाबा, लाल आहे! लाल दिसलं तर कापायचं!"

आबा केव्हा जागे झाले कळले नाही. त्यांनी काठी टाकली आणि लेकाच्या मनगटावर आपला थरथरता हात ठेवला. कात्री चालली. लाल पडद्यातून भळकन्‌ पाणी आले आणि आत तो पांढरट, पातळ पडदा दिसला. मालकांनी तो बोटांनी फाडला. एक खूर दिसला, त्याच्या किंचित मागे दुसरा, आणि दोन्ही पायांवर टेकलेले नाक. मांडणी सरळ होती. मालकांनी दोन्ही पाय धरले. घोडी कळ देई तेव्हा ते खालच्या बाजूला ओढीत, कळ थांबली की थांबत. मी घड्याळ पाहत होते. तेवढेच मला येत होते. लाल रंग दिसल्यापासून नवव्या मिनिटाला शिंगरू पेंढ्यावर आले.

ते हलेना.

मालकांनी नाकपुड्या पुसल्या. मुलीने टॉवेलने बरगड्या खसाखसा चोळल्या. आबा खाली बसले आणि त्यांनी पेंढ्याची एक काडी शिंगराच्या नाकपुडीत घातली, फिरवली. पुन्हा घातली. शिंगरू शिंकले. एवढीशी ती शिंक! त्या लहानशा आवाजाने आम्ही चौघेही खाली बसलो. मग मुलीने डॉक्टरांना फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, "कापलं का?"

त्यानंतरची रात्र नियमांची होती. नाळ ओढून तोडायची नाही, आपोआप तुटू द्यायची आणि बेंबीला औषध लावायचे. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यावे, तीन तासांत वार पडावी. आमचे अशक्त शिंगरू दोन तासांनी उभे राहिले. चार वेळा पडले, पाचव्यांदा चार पाय चार दिशांना टाकून टिकले. ते पडलेले असतानाच मालक दुकानाकडे पळाले होते. बाटल्या कोमट पाण्यात धरून चीक वितळवला. उकळता कामा नये, नाहीतर त्यातले सत्त्व जाते. शिंगराला चोखता येते हे बोट देऊन पाहिल्यावर मुलीने हळूहळू ती बाटली पाजली. प्रतिस्पर्ध्याच्या घोडीचा चीक पोटात गेला आणि अर्ध्या तासाने शिंगरू आपल्या आईची कास शोधू लागले.

वार लोंबत होती. मी तिला धरून ओढावी का, असे विचारले. आबा चिडले, "बाई, ओढू नका! तुकडा आत ऱ्हायला तं घोडी पायातून जाईल." मागून डॉक्टरांनी उलगडा केला. वारेचा तुकडा आत कुजला तर त्याचे विष खुरांत उतरते आणि घोडी कायमची लंगडते. तीन तास उलटले तर वैद्याने पाहिलेच पाहिजे. आम्ही ती पायाखाली येऊ नये म्हणून गाठ मारून वर बांधली. पाचच्या आत ती पडली आणि मालकांनी बादलीत झाकून ठेवली. सात वाजता डॉक्टर आले. त्यांनी शिंगराकडे पाहण्याआधी बादलीकडे पाहिले. अंगणात वार पायजम्यासारखी पसरली, दोन्ही पाय शाबूत असल्याची खात्री केली, आणि खालच्या टोकाचा तपकिरी, जाड झालेला भाग दाखवला. "हे बघा," ते म्हणाले, "जानेवारीतलं दुखणं." दुसऱ्या दिवशी शिंगराचे रक्त तपासले. चिकाचे बळ त्यात उतरले होते.

हा लेख लिहिताना शिंगरू सात-आठ महिन्यांचे झाले आहे. आता ते आईच्या दुधावरून सुटले आहे. जन्मतः ते काळपट होते. ते हळूहळू आईसारखे पांढरे होत जाईल, असे आबा सांगतात. तुळशीचे लग्न लागले की मोगरी पुन्हा वरातीपुढे उभी राहील. ज्या घरी मालकांना चार शब्द ऐकावे लागले, तिथल्याच धाकट्या मुलाच्या लग्नाचा पहिला इसार आला आहे.

विद्यार्थिनीने प्रकल्प वेळेवर दिला. दोनशे सात शब्द, प्रत्येकाचा अर्थ, वापरलेले वाक्य आणि सांगणाऱ्याचे नाते. बहुतेक नोंदींपुढे 'आजोबा' आहे. शेवटच्या पानावर मात्र एक नोंद विचित्र आहे. डाव्या रकान्यात शब्दाची जागा कोरी. आबांना त्या लाल पडद्याचा वेगळा शब्द आठवला नाही, आणि मी चाळलेल्या कोशांत मला तो सापडला नाही. उजव्या रकान्यात, अर्थाच्या जागी, तिने लिहिले आहे: 'लाल दिसले तर कापायचे.'

नियमाप्रमाणे अपुऱ्या नोंदीचा एक गुण मी कापायला हवा होता. मी तो कापला नाही.